माहूरची देशमुखीण

उमरखेडहून माहूरला जायचं तर पैनगंगा ओलांडावी लागते. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, पलीकडचं माहूर निजामाकडेच राहिलं; म्हणजे आईच्या दर्शनाला निघालेला वऱ्हाडी माणूस पुढची कितीतरी वर्षं राज्याची हद्द ओलांडून जात होता. त्याने वारी काही थांबली नाही. नवरात्र असो की दत्तजयंती, रेणुकेचा शेंदरी तांदळा, दत्तशिखर, अनसूया एवढं झालं की माणसं परततात. सोबत प्रसादाचा तांबूल असतो. खलबत्त्यात पान-सुपारी-कात इतकं बारीक कुटतात की दात नसलेल्या आजीलाही तो विडा चालतो.

देवळं यादवांच्या काळातली की त्याहून जुनी, किल्ला कोणकोणत्या शाह्यांकडे फिरला, हे गॅझेटियरात आहे. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात माहूर हे एक सरकार होतं, इतकं ध्यानात ठेवलं तरी पुरे. बापाविरुद्ध बंड करून पळालेला शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, १६२३ मध्ये इथे आला आणि हत्ती व जड सामान माहूरच्या देशमुख घराण्यातल्या उदारामाच्या हवाली करून तेलंगणाकडे निघून गेला.

या उदारामाच्या घराण्यातली सावित्रीबाई म्हणजे रायबागन. ही पदवी तिला औरंगजेबाने दिली, असं सांगतात. माहूरची देशमुखी सांभाळणारी ही बाई स्वतः फौजेबरोबर मोहिमेवर जाई.

२ फेब्रुवारी १६६१. शाइस्ताखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान लोणावळ्याकडून घाट उतरून उंबरखिंडीत शिरला. दोन्ही अंगांना डोंगर, मधे अरुंद वाट, गर्द झाडी आणि झाडीत दबा धरून बसलेले मावळे. मागे फिरायलाही जागा उरली नाही. खानाबरोबर रायबागन होती. तिने त्याला बजावलं, की फौज या रानात घालणं हीच मुळात चूक झाली. आता शिवाजी महाराजांकडे वकील पाठवून अभय मागावं. खानाने ते ऐकलं, म्हणून जीव वाचला.

तिचं हे बोलणं मोठ्या मानाने नोंदवलं ते प्रतिपक्षाच्या कवीने! कवींद्र परमानंद हा शिवाजी महाराजांच्या पदरचा. त्याच्या संस्कृत ‘शिवभारता’त खान गोंधळलेला दिसतो आणि शहाणपण बोलते ती रायबागन. संवाद कवीने रचला असणार, हे उघड आहे. पण शत्रूच्या गोटातल्या बाईच्या तोंडी तो शहाणपण घालतो, ते काही उगाच नाही. हे काव्य अपुरंच राहिलं. सदाशिव महादेव दिवेकरांनी ते १९२७ मध्ये मराठी भाषांतरासह छापलं, तेव्हा ते सामान्य वाचकापर्यंत पोचलं.

तीर्थाचं गाव देवाबरोबर आपली माणसंही लक्षात ठेवू शकतं. उत्तर स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रामार्गावर सांतो दोमिंगो दे ला काल्झादा नावाचं छोटं गाव आहे. अकराव्या शतकात यात्रेकरूंसाठी नदीवर पूल आणि वाट बांधणाऱ्या दोमिंगोचंच नाव गावाला मिळालं. तिथल्या कॅथेड्रलात एका दंतकथेपायी आजही जिवंत कोंबडा-कोंबडी पाळतात. तिथला यात्रेकरू देवाबरोबर गावाची माणसंही ओळखून जातो.

माहूरला मात्र तसं होत नाही. रेणुकेच्या परशुरामाची कथा लहान पोरही सांगेल, पण रायबागन विचारली तर बहुतेक जण गप्प होतील. ती मोगलांकडून लढली, हेच कारण असावं. हा न्याय लावायचा तर त्या शतकातली निम्मी मराठी घराणी विसरावी लागतील.

यंदा माहूरला जाणार असाल, तर निघण्याआधी दिवेकरांच्या ‘शिवभारता’तला कारतलबखानाचा प्रसंग जरूर वाचा.