पेशीमृत्यूची कळ: कृमीपासून माणसापर्यंत

गर्भावस्थेत माणसाची बोटे पडद्याने जोडलेली असतात. त्या पडद्यातील पेशी ठरलेल्या वेळी मरतात आणि बोटे सुटी होतात. इजेने नव्हे, तर पेशीतील प्रथिनांच्या आदेशाने होणाऱ्या या मृत्यूला १९७२ मध्ये 'अपॉप्टोसिस' हे नाव मिळाले.

त्याचा उलगडा जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या 'सी. एलिगन्स' या सूत्रकृमीने केला. या उभयलिंगी कृमीच्या वाढीत १,०९० शरीरपेशी निर्माण होतात आणि त्यांपैकी १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच पेशी मरतात, हे विशेष. सिडनी ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना या संशोधनासाठी २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कृमीतील सीईडी-३ हे प्रथिन कात्रीसारखे इतर प्रथिने कापते. सीईडी-४ त्याला जागे करते, तर सीईडी-९ हे सीईडी-४ ला रोखून धरते. वेळ आली की ईजीएल-१ हे चौथे प्रथिन सीईडी-९ ला चिकटते आणि ती पकड सुटते.

माणसात या कात्र्यांना कॅस्पेझ म्हणतात, तर सीईडी-९ च्या जागी बीसीएल-२ असते. १९९२ मध्ये या मानवी प्रथिनाचे जनुक कृमीत घातले असता मरणाऱ्या काही पेशी चक्क वाचल्या! दोन्ही प्राण्यांच्या वाटा पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, हे लक्षात घेता ही बाब थक्क करणारी आहे.

लगाम मात्र सर्वत्र सारखा नाही. फळमाशीत तो थेट कॅस्पेझवरच असतो आणि 'रीपर', 'हिड', 'ग्रिम' ही प्रथिने तो काढून टाकतात. माणसात बीसीएल-२ मायटोकॉन्ड्रियावर पहारा देते. पहारा सैल झाला की तेथून सायटोक्रोम-सी बाहेर पडते, सीईडी-४ शी साम्य असलेल्या एपॅफ-१ ला जाऊन मिळते आणि कॅस्पेझ कार्यान्वित होतात.

बीसीएल-२ ची पहिली ओळख झाली ती लिम्फोमा या कर्करोगात. तेथे १४ व १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन हे प्रथिन वाजवीपेक्षा जास्त तयार होते आणि मरायला हव्यात त्या पेशी जगत राहतात. अमेरिकेत २०१६ मध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी मंजूर झालेले व्हेनेटोक्लॅक्स हे औषध, कृमीतील ईजीएल-१ प्रमाणेच, या पहारेकऱ्याला चिकटून त्याला निष्प्रभ करते. मात्र काही रुग्णांत कालांतराने बीसीएल-२ ची रचनाच बदलते आणि औषधाला तेथे पूर्वीसारखी पकड मिळत नाही.