श्वानपालन : उपयोग, निवड आणि जबाबदारी

भोपाळ येथे मध्य प्रदेश विशेष सशस्त्र दलाची २३ वी बटालियन आहे. तिच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात पोलिसांच्या श्वानपथकांसाठी कुत्री तयार केली जातात. गुन्ह्याच्या जागेवरून माग काढणे, दडविलेली स्फोटके हुडकणे ही कामे पोलिसांची कुत्री करीत आली आहेत. तथापि या केंद्राचे नाव देशभर झाले ते आणखी एका कामामुळे. वन्य प्राण्यांची कातडी, हाडे आणि इतर अवयव यांची चोरटी वाहतूक पकडण्यासाठी 'ट्रॅफिक' व 'डब्ल्यू. डब्ल्यू. एफ.-इंडिया' या संस्थांनी २००८ साली एक योजना हाती घेतली. तिच्यातील अनेक जर्मन शेफर्ड कुत्र्यांनी आपले धडे या केंद्रात गिरविले आणि पुढे ती निरनिराळ्या राज्यांच्या वनविभागांत रुजू झाली. वाघांचे राज्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मध्य प्रदेशाला अशा साहाय्यकाची किती गरज आहे, हे निराळे सांगावयास नको.

हे काम कुत्र्याकडून कसे करून घेतले जाते, हे समजून घेणे घरी कुत्रा पाळणाऱ्यालाही उद्बोधक ठरेल. मनुष्याच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लक्ष असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या २० ते ३० कोटी असतात. ही शक्ती निसर्गदत्त आहे. प्रशिक्षणाने तिला दिशा मिळते. आवडत्या चेंडूचा खेळ आणि विशिष्ट गंध यांची सांगड कुत्र्याच्या मनात घालून दिली जाते. तो गंध सापडला की खेळावयास मिळते, हे एकदा उमगले की कुत्रा तो गंध आनंदाने शोधू लागतो. गंध मिळताच भुंकून किंवा शांत बसून तो खूण करतो. हे शिक्षण कित्येक महिने चालते आणि प्रत्येक कुत्र्याबरोबर दोन हाताळकांनाही शिक्षण घ्यावे लागते. म्हणजे येथे जनावराइतकाच मनुष्यही विद्यार्थी असतो.

कुत्र्याची विविध कामे

आपल्या परंपरेत कुत्र्याला मानाचे स्थान आहे. श्रीदत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान दिसतात, खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो आणि महाभारतातील युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारतो. व्यवहारातही त्याची सेवा जुनी आहे. मेंढरांचा कळप घेऊन गावोगाव फिरणारा धनगर रात्री शेतात मेंढ्या बसवितो, तेव्हा लांडग्यापासून त्यांची राखण कुत्रीच करतात. शेतकऱ्याच्या खळ्यावर आणि मळ्यात त्यांचाच पहारा असतो.

आधुनिक काळात या सेवेचे क्षेत्र विस्तारले. १९९३ साली मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या 'जंजीर' या लॅब्रॅडॉर कुत्र्याने तीन हजार किलोग्रॅमहून अधिक आर.डी.एक्स. व इतर शस्त्रसामग्री शोधण्यास साहाय्य केले आणि असंख्य प्राण वाचले. २००० साली तो मरण पावला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. भूकंपाच्या ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांचा शोध आणि अंध व्यक्तींना वाट दाखविणे, हीही कुत्र्याची कामे आहेत.

निवड कशी करावी?

कुत्रा घेण्यापूर्वी 'कोणत्या जातीचा?' हा प्रश्न नंतर विचारावा; 'कशासाठी?' हा आधी. राखण, सोबत की मुलांचा खेळगडी, हे निश्चित झाले म्हणजे निवड सोपी होते. कुत्र्याचे आयुष्य सामान्यतः दहा ते पंधरा वर्षांचे असते. तेवढा काळ त्याला जागा, वेळ आणि पैसा देणे आपणास शक्य आहे काय, याचा घरातील सर्वांनी मिळून विचार करावा.

दुसरा विचार हवामानाचा. भोपाळसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. कुत्र्याला मनुष्याप्रमाणे सर्वांगास घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. म्हणून बर्फाळ प्रदेशातील दाट केसांची किंवा बसक्या नाकाची कुत्री येथे आणणे म्हणजे त्यांना यातना देणे होय. केवळ प्रतिष्ठेसाठी अशी खरेदी करू नये.

याउलट आपल्याकडील जाती या हवेला सरावलेल्या आहेत. दख्खनचा कारवानी किंवा मुधोळ कुत्रा सडपातळ, चपळ व काटक असतो. मुधोळ संस्थानाचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या जातीच्या संवर्धनात लक्ष घातले आणि तिची एक जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने या जातीचे तिकीट काढले. मात्र धावण्यासाठी घडलेल्या या कुत्र्याला मोकळी जागा हवी. दोन खोल्यांच्या घरात तो कष्टी होतो. सामान्य कुटुंबाला तर आपल्या गल्लीतील गावठी पिल्लू सर्वांत सोयीचे. ते काटक असते, त्याचा खर्च कमी असतो आणि जीव लावण्यात ते कोणत्याही किमती जातीहून उणे नसते.

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. त्याचे डोळे स्वच्छ, कातडी निरोगी आणि चाल खेळकर असावी. नाक वाहत नसावे. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असल्यास जंत असण्याचा संभव असतो. शक्य असल्यास आईही पाहावी. तिच्या स्वभावावरून पिल्लाच्या स्वभावाचा अंदाज येतो.

आहार, आरोग्य आणि वळण

लहान पिल्लास दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे, तर मोठ्या कुत्र्यास दोन वेळा खाणे द्यावे. केवळ दूध-भाकरीवर त्याचे पोषण पूर्ण होत नाही. अंडी, मांस अशा प्रथिनांची जोड हवी. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ त्याला अपायकारक आहेत. शिजविलेली हाडे तुटून त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात व आतड्यास इजा करतात. पिण्याचे स्वच्छ पाणी आणि सावली सदैव उपलब्ध असावी.

जंतांचे औषध पिल्लू काही आठवड्यांचे असतानाच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सुरू करावे. डिस्टेंपर व पार्वो या घातक रोगांवरील लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास टोचून घ्यावी. पुढील मात्रा वेळेवर द्याव्यात आणि त्यांची नोंद असलेले कार्ड जपून ठेवावे. गोचीड व पिसवा यांचा नायनाट करावा, कारण गोचिडांमुळे रक्ताचे गंभीर आजार होतात.

वळण लावताना मारहाण करू नये. एका कृतीसाठी एकच आटोपशीर शब्द वापरावा आणि ती घडताच शाबासकी किंवा खाऊ द्यावा. भोपाळच्या केंद्रातील चेंडूचे तत्त्व घरातही तितकेच खरे आहे. रात्रंदिवस साखळीला बांधलेला कुत्रा राखणदार होत नाही. तो भित्रा किंवा चिडखोर होतो आणि एके दिवशी घरच्याच मुलाला चावतो.

चावा झाल्यास

प्रस्तुत लेखकाच्या बालपणी गावातील एका शेजाऱ्याला पिसाळलेला कुत्रा चावला. जखमेवर तिखट आणि चुना लावण्यात आला व मांत्रिकाकडून दोरा बांधून आणला. काही आठवड्यांनी त्या गृहस्थाला पाणी पाहताच आचके येऊ लागले. पुढे जे घडले ते गाव आजही विसरलेले नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. मात्र वेळीच उपचार झाल्यास हा रोग निश्चित टळतो.

म्हणून चावा किंवा ओरखडा होताच जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. 'पोटात चौदा इंजेक्शने' या भीतीने अनेक लोक अजूनही टाळाटाळ करतात; परंतु ती जुनी लस २००५ सालापर्यंत देशातून बंद झाली. आता लस दंडात चार किंवा पाच वेळा दिली जाते. जखम खोल असल्यास तिच्या भोवती प्रतिद्रव्याचे औषधही टोचावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, परंतु तेवढे दिवस उपचार मात्र थांबवू नयेत. शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांना अवश्य द्यावी, कारण मारामुळे किंवा रागावण्याच्या भीतीने मुले चावा लपवितात.

गाव, रान आणि आपण

जंगलालगतच्या गावात लसीकरणाचे महत्त्व दुप्पट आहे. कुत्र्यांतील डिस्टेंपरचा विषाणू वन्य प्राण्यांनाही बाधतो. २०१८ साली गुजरातमधील गीरच्या सिंहांमध्ये या विषाणूने बळी घेतले. म्हणजे लस न टोचलेला, मोकाट फिरणारा कुत्रा हा शेजारच्या रानातील वाघालाही धोका ठरू शकतो. एक कुत्रा वाघाच्या कातड्याचा चोर पकडतो आणि दुसरा नकळत वाघापर्यंत रोग पोचवितो. या दोहोंतील अंतर जातीचे नाही, मनुष्याने घेतलेल्या काळजीचे आहे.

मोकाट कुत्र्यांची संख्या मारून आटोक्यात येत नाही. निर्बीजीकरण व लसीकरण हाच मार्ग असून २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोपविली आहे. ग्रामपंचायतींनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने लसीकरणाचा दिवस ठरवावा आणि ग्रामस्थांनी आपली कुत्री तेथे आणावी. घरातील नको झालेली पिल्ले गावाबाहेर सोडून येण्याची प्रथा तर तत्काळ बंद व्हावयास हवी, कारण त्यामुळे मोकाट कुत्र्यांत भर पडते.

कुत्रा आपल्या धन्याची निवड करू शकत नाही. निवड आपण करतो. म्हणूनच ती विचारपूर्वक करावी आणि एकदा केल्यावर शेवटपर्यंत निभवावी.