धुऱ्यावरचा डोळा : कॅमेरा निवडताना
लेखमाला : तळहाताएवढा संगणक (भाग 9)

धान निसवू लागला की साकोली-लाखनीकडे जागलीच्या रात्री सुरू होतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खी बांधी लोळवतो आणि सकाळी धुऱ्यावर उभं राहून खुरांचे ठसे बघण्यापलीकडे हातात काही उरत नाही. ती कुठल्या बाजूने येतात आणि किती वाजता येतात, एवढं कळलं तरी निम्मी जागल वाचते. रास्पबेरी पाय रात्रभर बॅटरीवर कसा चालवायचा ते मागच्या भागात झालं. आता त्याला कॅमेरा जोडू.

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती मेगापिक्सेल? मी तो शेवटी विचारतो. जनावर किती लांब असेल आणि उजेड कुठून येणार, ही दोन उत्तरं मिळाली की मेगापिक्सेलचं फारसं काही अडत नाही.

आधी अंतर. जानेवारी 2023 मध्ये आलेला कॅमेरा मॉड्यूल 3 साध्या आणि वाइड अशा दोन लेन्समध्ये मिळतो. साध्या लेन्सचा आडवा कोन 66 अंश, वाइडचा 102. सेन्सर मात्र दोघांत एकच, सोनीचा आयएमएक्स 708, आडवे 4608 पिक्सेल. म्हणजे तेवढेच पिक्सेल वाइडमध्ये जास्त रुंदीवर पसरतात. दहा मीटरवर साध्या लेन्सला सुमारे 13 मीटर रुंदी दिसते, वाइडला जवळजवळ 25. दर मीटरला साध्या लेन्सकडे साधारण 355 पिक्सेल येतात, वाइडकडे 186. दहा मीटरवर दोन्ही चालतील. पण बांधीच्या दुसऱ्या टोकाला, चाळीस मीटरवर, वाइडकडे मीटरला 46-47 पिक्सेल उरतात. रात्रीच्या खरखरीत चित्रात तेवढ्यावरून डुक्कर की गावातलं कुत्रं, हे ठरवताना डोकं खाजवावं लागतं. 'वाइड म्हणजे जास्त दिसतं' म्हणून घेणारे इथेच फसतात. जनावरांच्या वाटेच्या तोंडाशी, पाच-सहा मीटरवर डबा बांधणार असाल तर वाइड घ्या. एरवी साधी.

मामा तलावाच्या पाळीवरून सारस टिपायचा असेल तर गणितच बदलतं. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यातच उरलाय. घरटं कधी तलावाच्या काठाला, कधी थेट धानाच्या बांधीत. तिथे जवळ जाणं हाच त्रास, म्हणून शंभर मीटर लांबूनच काम करावं. त्या अंतरावर मॉड्यूल 3 च्या साध्या लेन्सवर दीड मीटर उंचीचा सारस पन्नासेक पिक्सेलांत आटपतो. 2020 मध्ये आलेला हाय क्वालिटी कॅमेरा 12.3 मेगापिक्सेलचा, कागदावर मॉड्यूल 3 च्याच तोडीचा. पण त्याला 16 मिलिमीटरची लेन्स लावली की तोच सारस दीडशे पिक्सेलांचा होतो. लेन्स वेगळी विकत घ्यावी लागते, खर्च वाढतो, फोकसही हाताने करायचा. हे सगळं मान्य असेल तरच त्या वाटेला जा.

आता उजेड. साध्या मॉड्यूलमध्ये अवरक्त किरण अडवणारा फिल्टर असतो. 'नॉयर' म्हणून विकतात त्यात तो नसतो. बस, फरक इतकाच. नॉयर घेतला म्हणजे आपोआप अंधारात दिसेल असं समजून बरेच जण काळं चित्र बघत बसतात. अवरक्त दिवे वेगळे लावावेच लागतात. ते 850 आणि 940 नॅनोमीटरचे येतात. 850 चा दिवा जवळून मंद लालसर दिसतो, 940 चा दिसत नाही. पण सेन्सरलाही 940 चा उजेड कमीच जाणवतो, त्यामुळे पल्ला घटतो. डुकरांसाठी मी 850 घेईन. धुऱ्यावरून माणसांची ये-जा असेल आणि डबाच पळवला जाण्याची भीती असेल तर 940. दिवसा मात्र नॉयरमधून हिरवागार धान गुलाबी-जांभळा दिसतो, कारण पानं अवरक्त उजेड भरपूर परत फेकतात. मॉड्यूल बिघडलं समजून ते परत पाठवू नका.

अंधारात ऑटोफोकसही चाचपडत राहतो. मॉड्यूल 3 ला तो बंद करून हाताने किंमत देता येते : अंतर मीटरमध्ये धरा आणि एकाला त्याने भागा. दहा मीटरसाठी 0.1, पाच मीटरसाठी 0.2. अवरक्त उजेडात फोकस किंचित सरकतो, म्हणून दिवे लावून एक रात्र घरामागे चाचणी घ्या आणि किंमत थोडी मागेपुढे करून बघा. 2013 चं पहिलं, पाच मेगापिक्सेलचं मॉड्यूल आणि त्याच्या स्वस्त नकला अजून मिळतात, काही तर दोन्ही बाजूंना अवरक्त दिवे लावूनच. सुरुवातीला वाईट नाहीत. फक्त मूळ मॉड्यूलवर चित्रीकरणात पेटणारा लाल दिवा आहे, तो सेटिंगमधून आठवणीने विझवा.

जंगलखात्याचे कॅमेरा ट्रॅप याच कामाचे थोरले भाऊ. 2018 च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले आणि त्यांत वाघाचे होते 76,651. बाकी गवत, हरणं, गुरं, माणसं. वाघाचे दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन बाजूंना दोन कॅमेरे समोरासमोर बांधतात. नागझिऱ्यातून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात गेलेला आणि 2016 मध्ये बेपत्ता झालेला 'जय'सारखा वाघ पट्ट्यांवरूनच ओळखायचा. आपल्याला डुकराचं नाव-गाव नको, एकच कॅमेरा पुरे. कोका, नवेगाव-नागझिरा किंवा कऱ्हांडल्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय डबा बांधायचा नाही. आपल्याच धुऱ्यावर, आणि पायवाटेकडे पाठ करून.

कॅमेऱ्याला जागं करायला आपण जो पीआयआर सेन्सर लावतो, तो अंगाच्या आणि भोवतालच्या तापमानातला फरक ओळखतो. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी तो फरकच उरत नाही आणि सेन्सर आंधळा होतो. धानाच्या हंगामात, रात्रीच्या गारव्यात तो नीट चालतो. त्याऐवजी चित्रातला बदल ओळखणारा प्रोग्राम लावलात तर वाऱ्याने डोलणारी प्रत्येक लोंबी फोटो काढवते. 2024 मध्ये आलेला एआय कॅमेरा सेन्सरमध्येच वस्तू ओळखतो. मोह होतो खरा. पण अशा तयार मॉडेलांना बहुधा ज्या कोको संचावर शिकवलेलं असतं, त्याच्या ऐंशी प्रकारांत गाय, मेंढी, अस्वल, अगदी जिराफही आहे, डुक्कर नाही. लाखांदूरच्या बांधीत अस्वल आल्याची खबर मिळाली तर दचकू नका. डुकरांचे फोटो साठवून मॉडेल स्वतः शिकवायची तयारी असेल तेव्हाच हा कॅमेरा घ्या.

ग्लोबल शटरचा 1.6 मेगापिक्सेलचा कॅमेरा फिरत्या यंत्रांसाठी ठीक आहे. शेतात रात्री चित्र फिसकटतं ते उजेड कमी पडून, तिथे दिव्यांवर खर्च करा.

ऑर्डर देण्याआधी केबल तपासा. मॉड्यूलच्या बाजूला पंधरा पिनांची रुंद पट्टी असते, तर पाय झिरो आणि पाय 5 वर बावीस पिनांचं अरुंद तोंड. मॉड्यूल 3 च्या खोक्यात रुंदच केबल येते, दुसरी वेगळी मागवा. जुन्या पुस्तकांत दिलेली 'रास्पीस्टिल' ही आज्ञा मॉड्यूल 3 ला चालत नाही, तिच्या जागी 'आरपीकॅम-स्टिल' वापरायची. पुढच्या आठवड्यात डबा : पाऊस, मुंग्या आणि काचेवर धरणारा दमटपणा.