रेंज संपते तेथून पुढे : डोंगरयात्रेतील आपत्कालीन संपर्काची साधने

शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून निघून रविवारी पहाटे किल्ल्याच्या पायथ्याशी उतरणाऱ्या तरुणांच्या पाठपिशवीत आता बहुतेक सारे काही असते. चांगले बूट असतात, दोर असतो, हेडटॉर्च असतो, कॅमेरा तर असतोच. अपघात झालाच तर निरोप खाली कसा पोचवायचा, या प्रश्नाचे उत्तर मात्र 'मोबाईल आहे ना' एवढ्यावर संपते. मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळच्या नागफणी परिसरात वाट चुकलेल्या एका तरुणाने फोनवरून घरच्यांना तसे कळविले होते. पुढे फोनची बॅटरी संपली, संपर्क तुटला आणि काही दिवसांच्या शोधानंतर बचाव पथकांच्या हाती दरीतला मृतदेह लागला. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रताल मार्गावर हिमवादळात सापडलेल्या २२ जणांच्या गटातील नऊ जण दगावले. तेथे तर संकटाची बातमी खाली कळविण्यासाठी माणसाला नेटवर्क असलेल्या जागेपर्यंत चालत जावे लागले होते.

परदेशी गिर्यारोहकांची संकेतस्थळे वाचून अनेकांना या प्रश्नाचे सोपे उत्तर सापडल्यासारखे वाटते, ते म्हणजे उपग्रहाशी बोलणारे हाताएवढे यंत्र. इरिडियम कंपनीचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. गार्मिनचे 'इनरीच' हे यंत्र त्यांच्यामार्फत संदेश पाठविते आणि उत्तरही आणते. एसओएसचे बटण दाबले की ठावठिकाणा परदेशातील नियंत्रण कक्षाला कळतो. यंत्र उत्तम आहे, यात शंका नाही. पण भारतात ते विनापरवाना बाळगणे हाच गुन्हा ठरतो.

ही गोष्ट अनेकांना विमानतळावरच कळते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर कॅनडाच्या एका महिलेला केवळ हे यंत्र जवळ असल्याने ताब्यात घेण्यात आले. तिच्याप्रमाणेच इतर परदेशी पाहुण्यांनाही तपासणीत अडकावे लागले. अखेर २०२५च्या सुरुवातीस नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना, प्रवाशांना या बंदीची कल्पना देण्यास सांगितले. थुराया आणि इरिडियमचे फोन येथे वर्ज्य आहेत. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी उपग्रह फोन वापरला होता, हे लक्षात घेतले म्हणजे सुरक्षा यंत्रणांची या बाबतीतली कठोरता समजते. डोंगरात अडकलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही, हेही तितकेच खरे.

कायदेशीर मार्ग एकच उरतो. बीएसएनएलने २०१७ मध्ये इन्मारसॅटवर आधारित उपग्रह फोन सेवा सुरू केली. दूरसंचार विभागाची परवानगी घेऊन तो फोन वापरता येतो. मोठ्या मोहिमा आणि संस्थांना हे जमण्यासारखे आहे. दोन दिवसांच्या भटकंतीसाठी कोणी हा खटाटोप करील असे वाटत नाही. त्यातही एक तांत्रिक मेख आहे. इन्मारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर स्थिर दिसतात. भारतातून ते दक्षिणेच्या बाजूला येतात. हिमालयातल्या अरुंद दरीत दक्षिणेकडे उंच कडा उभा असेल, तर कितीही वेळ थांबले तरी संपर्क होत नाही. जागाच बदलावी लागते. इरिडियमचे उपग्रह फिरते असल्याने तेथे थोडा वेळ वाट पाहून भागते.

'पीएलबी' नावाचे तिसरे साधन याहून साधे आहे. त्यातून बोलता येत नाही. ते ४०६ मेगाहर्ट्झवर फक्त संकटाचा इशारा सोडते. १९७९ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून उभारलेली कोस्पास-सारसॅट यंत्रणा तो टिपते. या यंत्रणेत भारतही आहे आणि बंगळुरूला इस्रोचे नियंत्रण केंद्र आहे. परंतु ट्रान्समीटर असल्यामुळे त्यालाही नोंदणी आणि परवाना लागतो. परदेशातून कोणी भेट म्हणून आणलेले पीएलबी पिशवीत टाकून निघणे म्हणजे एका संकटावर दुसरे ओढवून घेणे होय. नव्या महागड्या फोनमधील उपग्रहामार्फत मदत मागण्याची सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिका व कॅनडात सुरू झाली. तिच्या जाहिराती पाहून सह्याद्रीत भरवसा ठेवणे धोक्याचे.

मग सामान्य भटक्याने करावे काय? उत्तर फारसे आकर्षक नाही. सह्याद्रीत आजही साधा मोबाईलच सर्वांत उपयोगी आहे, फक्त तो संकटाचे साधन म्हणून वापरला पाहिजे. घळीत किंवा कड्याच्या पोटात रेंज नसते, पण धारेवर, पठारावर किंवा बुरुजावर पुष्कळदा ती मिळते. कोणत्या ठिकाणी मिळते, हे चढतानाच टिपून ठेवावे. गटात निरनिराळ्या कंपन्यांची कार्डे असावीत. आपल्या कंपनीचा सिग्नल नसला, तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा पोचत असेल तर ११२ हा क्रमांक लागू शकतो. बोलणे तुटत असेल तेथे एसएमएस अनेकदा जातो. फोन विमान मोडवर ठेवला तरी जीपीएस चालते. म्हणजे बॅटरी वाचवूनही अक्षांश-रेखांश पाहता येतात. भरलेली पॉवर बँक आणि तिची वायर प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवावी, कारण पावसाळ्यात आधी भिजते ती वायर. हिमालयात थंडीने बॅटरी झपाट्याने उतरते, तेव्हा रात्री फोन झोपण्याच्या पिशवीत, अंगाजवळ घ्यावा. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड कार्डे चालत नाहीत. गटात एकाकडे तरी पोस्टपेड हवे.

गटातल्या गटात बोलण्यासाठी वॉकीटॉकीचा विचार होतो. येथेही खरेदी डोळसपणे करायला हवी. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना २०१८च्या नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. बाजारात मिळणारे अनेक जास्त शक्तीचे संच या सुटीत बसत नाहीत. अशा विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना नोटिसाही दिल्या. सूट असलेला संच समोरासमोरच्या दोन धारांवर चांगला चालतो, मध्ये डोंगर आला की मुका होतो. वाट चुकलेल्या मागच्या तुकडीला गाठण्यापुरता तो ठीक, खालच्या गावाशी बोलण्यासाठी नव्हे. त्यासाठी हॅम रेडिओ आहे, पण त्याची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. नियमित भटकंती करणाऱ्या क्लबांनी दोन-तीन सभासदांना ही परीक्षा द्यायला लावावी.

शिट्टीची किंमत चहाच्या दोन-चार कपांएवढी, आणि तिला ना बॅटरी लागते ना परवाना. एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट विश्रांती, पुन्हा सहा, हा डोंगरातला जगन्मान्य संकटसंकेत आहे. रात्री हेच टॉर्चने करता येते. उत्तर देणारा मिनिटाला तीन वेळा देतो.

सर्वांत महत्त्वाचे साधन घरी राहते. मार्ग, उतरण्याची वाट, सोबत्यांचे क्रमांक आणि 'अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा' ही वेळ, एवढे एका कागदावर लिहून घरच्या जबाबदार माणसाकडे द्यावे. पायथ्याच्या गावात ज्या घरी चहा घेतला, तेथेही परतीची वेळ सांगावी. महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या बचाव कार्याचे समन्वयन करणारे स्वतंत्र केंद्र आहे. त्याचा हेल्पलाईन क्रमांक निघण्यापूर्वीच फोनमध्ये आणि त्या कागदावर, दोन्हीकडे उतरवून घ्यावा.

संपर्क झालाच तर पहिल्या अर्ध्या मिनिटात काय सांगायचे, हेही ठरलेले असावे. आधी जागा, अक्षांश-रेखांशासह. मग माणसे किती आणि जखम कोणती. शेवटी फोनची बॅटरी किती उरली आहे आणि पुन्हा किती वाजता फोन सुरू करणार, ती वेळ. घाबरलेला माणूस अपघात कसा झाला येथून सुरुवात करतो आणि जागा सांगायच्या आत फोन तुटतो.