थायरॉइडची गोळी : चालू ठेवावी की थांबवावी?

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या उशाशी असलेला औषधांचा डबा एकदा उघडून पाहा. रक्तदाबाची, मधुमेहाची, कॅल्शियमची अशा गोळ्यांमध्ये बहुधा एक अगदी लहान गोळी सापडेल, जी पहाटे चहाच्या आधी, उपाशीपोटी घेतली जाते. ही गोळी केव्हा सुरू झाली, कोणी सुरू केली आणि त्या वेळी रक्ताच्या तपासणीत नेमके काय आले होते, असे विचारले, तर पुष्कळदा एकच उत्तर मिळते, "मला थायरॉइड आहे ना!" वस्तुतः थायरॉइड, म्हणजे अवटु ग्रंथी, आपल्या सर्वांनाच असते. ती आहे हा आजार नव्हे, ती पुरेसे काम करीत नाही हा आजार.

"डॉक्टर, ही गोळी आता जन्मभर घ्यायची का?" हा प्रश्न दवाखान्यात मला वारंवार ऐकावा लागतो. विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. काहींनी गोळी आधीच बंद केलेली असते आणि ते केवळ ती वार्ता देण्यासाठी येतात. काही जण एका दिवसाची मात्रा चुकली तरी घाबरे होऊन फोन करतात. दोघांना एकच उत्तर देता येत नाही. गोळी एकच असली, तरी ती घेणाऱ्यांचे आजार एक नसतात.

गळ्याच्या पुढील भागात असलेली ही ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीचा कामाचा वेग त्यावर ठरतो. ग्रंथीकडून काम करवून घेणारा मुकादम मेंदूच्या तळाशी बसलेला असतो, ती पीयूषिका ग्रंथी. तिच्या हाकेला आपण टीएसएच म्हणतो. खाली काम मंदावले की मुकादम आवाज चढवतो, म्हणजे रक्तातील टीएसएच वाढते. थायरॉक्सिन गरजेहून जास्त झाले की तो गप्प बसतो आणि टीएसएच घटते. म्हणून टीएसएच वाढलेले दिसले, तर लगेच दुसरा प्रश्न विचारावा लागतो : मुकादम ओरडतो आहे हे खरे, पण प्रत्यक्ष काम कमी पडले आहे का? त्याचे उत्तर फ्री टी-फोर ही तपासणी देते. फ्री टी-फोर कमी असेल, तर तो खरा, पूर्ण अवटु-न्यूनत्वाचा आजार. ते प्रमाणात असून फक्त टीएसएच थोडे वाढलेले असेल, तर ती सौम्य, प्राथमिक अवस्था. गोळी चालू ठेवण्याचा निर्णय बराचसा या एका भेदावर उभा आहे.

पहिल्या प्रकारच्या आजारात या औषधाची थोरवी काय सांगावी! 1891 मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचून 46 वर्षांच्या एका स्त्रीवर उपचार केले. चेहरा सुजलेली, बोलणे जड झालेली, थंडीने गारठलेली ही स्त्री त्यानंतर 28 वर्षे जगली. पुढे 1914 मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडाल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे काढले, आणि आज त्याचीच कृत्रिम प्रत आपण गोळीतून घेतो. अशा रुग्णाच्या बाबतीत ही गोळी औषध नसून शरीरात जे तयार होत नाही त्याची भरपाई असते. भरपाई थांबवायची म्हणजे पुन्हा तुटीकडे जायचे.

कोणी थांबवू नये

शस्त्रक्रियेने ग्रंथी काढून टाकलेली असेल, किरणोत्सारी आयोडीन देऊन तिचे काम थांबवलेले असेल, पूर्वी टीएसएच बरेच वाढून सोबत फ्री टी-फोर घटलेले नोंदले असेल, किंवा पीयूषिका ग्रंथीचाच आजार असेल, तर गोळी बंद करण्याचा विचारही मनात आणू नये. पीयूषिकेच्या आजारात तर टीएसएच कमी किंवा सामान्य दिसते, कारण मुकादमच आजारी असतो. तेथे टीएसएच पाहून मात्रा घटवणे ही गंभीर चूक ठरते. अवटु ग्रंथीच्या कर्करोगानंतर काही रुग्णांत टीएसएच मुद्दाम खाली ठेवलेले असते. त्यांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञाखेरीज कोणाचेही, माझेसुद्धा, ऐकू नये.

गळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका आजोबांनी शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळ्या सोडल्या होत्या. पहिला महिना छान गेला. तिसऱ्या महिन्यात ते दिवसभर झोपून राहू लागले, पाय सुजले, आवाज घोगरा झाला, आणि घरच्यांना वाटले की वय बोलते आहे. हिवाळ्यात ते अर्धवट शुद्धीत, थंडगार अंगाने रुग्णालयात दाखल झाले. वाचले, पण अतिदक्षता विभागात बरेच दिवस काढून.

'पहिला महिना छान गेला' याचे कारण समजून घ्या. थायरॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असते. आज गोळी सोडली, तर आठवड्याने रक्तातील साठा निम्मा होतो, आणखी आठवड्याने पाव, आणि पूर्ण परिणाम दिसायला पाच-सहा आठवडे लागतात. म्हणून 'महिनाभर घेतली नाही, काही झाले नाही' हा पुरावा ठरत नाही. उलट, एक दिवस विसर पडला किंवा शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहावे लागले म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. त्याच दिवशी आठवली तर त्या दिवशी घ्यावी. जाता जाता सांगतो, या गोळीने एकादशीचा उपास मोडत नाही.

ज्यांच्याबाबत फेरविचार करता येतो

आता दुसरा गट, आणि माझ्या मते ज्येष्ठांमध्ये तो लहान नाही. थकवा, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणे, विसराळूपणा या तक्रारींसाठी तपासणी झाली, टीएसएच सहा किंवा सात आले, फ्री टी-फोर पाहिलेच नाही किंवा प्रमाणात होते, आणि त्याच दिवशी 25 किंवा 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. ही तपासणी पुन्हा करून पाहिली गेली नाही. वस्तुतः सौम्य वाढलेले टीएसएच काही महिन्यांनी अनेकांत आपोआप खाली येते. न्यूमोनिया, मोठी शस्त्रक्रिया, डेंग्यू यांसारख्या आजारातून उठताना ते तात्पुरते वाढते. लिथियम किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडारोन यांनीही ते वाढते.

शिवाय वयाबरोबर टीएसएच काहीसे वाढणे हा म्हातारपणाचा स्वाभाविक भाग असू शकतो. प्रयोगशाळेच्या कागदावर सामान्य मर्यादा बहुधा चार ते साडेचारच्या आसपास छापलेली असते, तीस वर्षांच्या नातीला आणि ऐंशीच्या आजीला एकच. ऐंशी उलटलेल्या निरोगी व्यक्तींत सहा-सातपर्यंतचा आकडाही आढळतो. कागदावरील ठळक अक्षर पाहून घरात धावपळ सुरू होते, तेव्हा हे आठवावे.

गोळीने या सौम्य अवस्थेतील ज्येष्ठांना बरे वाटते का, हे पाहण्यासाठी युरोपात 65 वर्षांवरील 737 व्यक्तींवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना थायरॉक्सिन, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थायरॉक्सिन घेणाऱ्यांचे टीएसएच खाली आले, परंतु एका वर्षानंतर थकवा आणि इतर लक्षणे यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. आकडा सुधारला, माणूस होता तसाच राहिला. त्यानंतर 2019 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील तज्ज्ञगटाने अशा सौम्य अवस्थेत प्रौढांना सरसकट हे औषध देऊ नये अशी शिफारस केली. मात्र गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रिया, टीएसएच 20 च्या पुढे असलेले, तीव्र लक्षणे असलेले आणि तरुण रुग्ण यांना त्यांनी त्यातून वगळले. टीएसएच 10 च्या वर राहत असेल, तर आम्ही डॉक्टर बहुधा उपचाराकडेच झुकतो.

'लाभ नाही तर नाही, तोटा तर नाही ना?' असे कोणी म्हणेल. तोटा आहे, आणि तो वृद्धांनाच अधिक भोगावा लागतो. मात्रा गरजेहून जास्त झाली की हृदयाचे ठोके वाढतात, अनियमित होतात, आणि अशा अनियमित ठोक्यांतून पक्षाघाताचा धोका संभवतो. हाडे विरळ होतात. झोप उडते, हात थरथरतात, वजन उतरते. यातही एक गोष्ट सहज नजरेआड होते : मात्रा रुग्णाच्या वजनाशी निगडित असते. साठीत 68 किलो वजन असताना ठरलेली 100 मायक्रोग्रॅमची गोळी ऐंशीव्या वर्षी, वजन 50 किलोवर आले तरी, त्याच चिठ्ठीवर चालू राहते. अशा एका आजींचे मनगट घरातल्या घरात, उंबऱ्याला अडखळून मोडले. त्यांचे टीएसएच जवळजवळ शून्यावर होते. त्यांची गोळी बंद करण्याचा प्रश्न नव्हता, आजार खरा होता. मात्रा कमी करावी लागली. 'चालू की बंद' यांच्या मधला हा मार्ग मला व्यवहारात सर्वांत उपयोगाचा वाटतो.

निर्णय कसा घ्यावा

सर्वप्रथम जुनी फाइल काढा. औषध सुरू होण्यापूर्वीचा रिपोर्ट सापडला, तर अर्धे काम झाले. तो नसेल, तर सध्याची मात्रा बरेच सांगून जाते. पूर्ण निकामी ग्रंथीची भरपाई करायला साधारणपणे दर किलो वजनामागे 1.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 100 मायक्रोग्रॅम लागतात. वृद्धांत याहून थोडे कमीही पुरते. ज्यांचे टीएसएच केवळ 25 मायक्रोग्रॅमवर वर्षानुवर्षे छान राहते, त्यांची स्वतःची ग्रंथी बरेचसे काम करीत असण्याची शक्यता मोठी. अँटी-टीपीओ या प्रतिपिंडांची तपासणीही उपयोगी पडते. प्रतिपिंडे असतील, तर गोळीवाचून निभावण्याची शक्यता कमी होते.

डॉक्टरांच्या संमतीने प्रयोग करायचाच ठरला, तर तो घाईने करू नये. मात्रा 25 मायक्रोग्रॅमच्या टप्प्यांनी, कधी त्याहूनही कमी, उतरवावी. प्रत्येक टप्प्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-फोर पाहावे. घरात लग्नकार्य, लांबचा प्रवास किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असेल, तर ते पार पडेपर्यंत थांबावे, म्हणजे थकवा कशाचा हा घोळ होत नाही. औषध थांबवून पाहिलेल्या रुग्णांच्या अनेक अभ्यासांचा 2021 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात सौम्य अवस्थेतील सुमारे एक-तृतीयांश व्यक्तींची ग्रंथी गोळीवाचून पुरेशी ठरली. पूर्ण आजार असलेल्यांत हे प्रमाण आठांत एक इतकेच होते. म्हणजे पुन्हा गोळी सुरू करावी लागली, तर ते अपयश मानू नये. ग्रंथीची खरी स्थिती कळली, हेही थोडके नाही.

मात्रा वाढवण्याच्या प्रसंगी मात्र आधी घेण्याची पद्धत तपासा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यात अडवून धरतात. त्यांत चार तासांचे अंतर हवे. सकाळची सर्व औषधे एका घोटात घेण्याची सोय येथे महागात पडते. चहा-कॉफी अर्ध्या ते एका तासाने घ्यावी. पहाटे जमतच नसेल, तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्यांनीही शोषण घटते. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर ते तपासणीपूर्वी दोन दिवस बंद ठेवा, कारण काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटे कमी दिसते. गोळ्यांची बाटली खिडकीत उन्हात ठेवू नये. रक्त देण्याच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी.

घरात सांभाळ करणाऱ्यांना दोन शब्द. आजी-आजोबांची प्रत्येक मरगळ थायरॉइडच्या माथी मारू नका. रक्तक्षय, बी-12 ची कमतरता, अपुरी झोप, एकटेपणातून आलेली उदासी, यांचेही रूप हेच असते, आणि यांपैकी कशावरही थायरॉक्सिनचा इलाज नाही. विस्मरण असलेली व्यक्ती सकाळी दोनदा गोळी घेते किंवा मुळीच घेत नाही, असे दोन्ही घडते. म्हणून वारांचे कप्पे असलेली डबी वापरा आणि ती आपल्या हाताने भरा. मात्रा बदलल्यावर आठवड्यातून एकदा वजन आणि मनगटावरची नाडी एक मिनिट मोजून वहीत लिहा. नाडी अडखळत चालते असे वाटले, छातीत धडधड किंवा दुखणे झाले, अथवा माणूस असामान्य झोपाळू व थंड वाटू लागला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता दाखवा.

पुढील भेटीला जाताना पहिला रिपोर्ट, शेवटचे दोन रिपोर्ट, आजचे वजन आणि सर्व औषधांची डबी बरोबर न्या. पुढची रक्ततपासणी कोणत्या तारखेला, ते दवाखान्यातून निघण्यापूर्वी विचारून घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.