टोब्लिनोवरची लोखंडी वाट

उत्तर इटलीत सार्के गावाजवळ, टोब्लिनो सरोवराच्या वर पिकोल दाइनचा चुनखडीचा कडा उभा आहे. त्यावरची ‘रिनो पिसेत्ता’ ही व्हिया फेराता, म्हणजे कड्यात मेखा ठोकून बसवलेल्या पोलादी दोराच्या आधाराने चढायची वाट. अशा वाटांवर सहसा शिड्या, पायऱ्या असतात. इथे त्या फारशा नाहीत, त्यामुळे दंड भरून येतात. कमरेच्या हार्नेसला पट्ट्याने जोडलेले दोन कॅराबिनर, म्हणजे दोरात अडकवायचे आकडे. मेख आली की एक काढून पुढे अडकवायचा, मगच दुसरा. हात सुटलाच तर माणूस थेट खालच्या मेखेपर्यंत घसरतो आणि झटका जबर बसतो. म्हणून पट्ट्याला शिवण उसवत जाणारा धक्काशोषक असतो. उसवला की तो बाद. साध्या दोरीवर भागवणं हा निव्वळ वेडेपणा. ढग गडगडू लागले तर चढूच नये, विजेला पोलाद आयतंच सापडतं.