एचआयव्हीचं औषध भारतात आणणारे रसायनशास्त्रज्ञ : ए. व्ही. रामाराव

शास्त्रज्ञ किती मोठा, हे हल्ली एच-इंडेक्सवरून ठरवतात. एखाद्याचा एच-इंडेक्स ४० असेल, तर त्याच्या किमान ४० शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान ४० वेळा इतरांनी संदर्भ घेतला आहे असा त्याचा अर्थ. मोजायला सोपं आहे. पण त्या संशोधनामुळे औषध किती स्वस्त झालं, हे या आकड्यात कुठेच दिसत नाही. अल्ला वेंकट रामाराव यांचं काम समजून घ्यायचं तर नेमकं तेच बघावं लागतं.

जन्म १९३५ चा, आंध्रातल्या गुंटूरचा. पण घडले ते महाराष्ट्रात. आधी माटुंग्याची यूडीसीटी (आताची आयसीटी), मग पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल. तिथे के. वेंकटरामन यांच्याकडे पीएचडी केली. पुढे सत्तरच्या दशकात ते हार्वर्डला ई. जे. कोरी यांच्याकडे गेले. कोरींना नंतर १९९० मध्ये नोबेल मिळालं.

कोरींची पद्धत सांगायलाच हवी. हवा असलेला रेणू डोळ्यांसमोर ठेवायचा आणि तो कुठे तोडला तर सोपे तुकडे मिळतील, याचा उलट विचार करत स्वस्त कच्च्या मालापर्यंत मागे यायचं. असं केलं की एकाच रेणूकडे जाणारे अनेक रस्ते दिसू लागतात.

भारतात या ‘अनेक रस्त्यां’ना भलतंच महत्त्व होतं. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. म्हणजे परदेशी कंपनीपेक्षा वेगळ्या रस्त्याने तोच रेणू बनवला, की औषध विकायला मोकळे!

रामाराव यांनी एनसीएलमध्ये असताना सिप्लासाठी जे काम केलं, त्यातलं एक आपल्या अंगणातल्या सदाफुलीचं. तिच्यात विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कॅन्सरवरची औषधं असतात, पण इतकी कमी की थोड्याशा औषधासाठी शेकडो किलो पानं लागतात. ती वेगळी काढण्याचं तंत्र त्यांच्या गटाने बसवलं.

१९८५ मध्ये ते हैदराबादच्या आयआयसीटीचे संचालक झाले. तिथलं गाजलेलं काम म्हणजे एझेडटी, अर्थात झिडोवुडिन. हा रेणू १९६४ मध्ये अमेरिकेत जेरोम होरविट्झ यांनी कॅन्सरसाठी बनवला होता. तिथे उपयोग झाला नाही, पण १९८७ मध्ये तोच एचआयव्हीवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध ठरला.

तो काम कसा करतो? विषाणूला स्वतःच्या डीएनएची साखळी बनवताना थायमिडीन हा डबा जोडावा लागतो. एझेडटी दिसायला तसाच, फक्त पुढचा डबा जिथे जोडायचा तिथे कपलिंगच नाही. तो लागला की गाडी तिथेच संपते.

अमेरिकेत या औषधाचा वर्षाचा खर्च हजारो डॉलर होता. आयआयसीटीने ते बनवण्याची पद्धत तयार केली आणि १९९३ मध्ये सिप्लाने ते भारतात कितीतरी कमी किमतीत आणलं. तरीही खप झाला नाही. रोजचा खर्च बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेरच होता आणि सरकारचा पैसा तेव्हा तपासणी व प्रतिबंधावर जात होता. शिवाय एकट्या एझेडटीला विषाणू लवकर सरावतो. तीन औषधं एकत्र द्यावी लागतात, हे १९९६ च्या सुमारास स्पष्ट झालं. म्हणजे रसायनशास्त्राने आपलं काम केलं होतं, बाकीची व्यवस्था मागे होती.

रामाराव निव्वळ स्वस्त पद्धती शोधणारे होते असं मात्र समजू नका. व्हँकोमायसिनसारख्या अतिशय गुंतागुंतीच्या प्रतिजैविकाच्या संश्लेषणावर त्यांच्या गटाने वर्षानुवर्षं काम केलं. शंभराहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे पीएचडी केली. माझ्या मते त्यांचा खरा प्रभाव इथे आहे, कारण अवघड रेणूंवर हात बसलेली माणसंच पुढे औषध उद्योगाला मिळतात. १९९५ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची अव्रा लॅबोरेटरीज काढली. २०१६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

२००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि जगभर खळबळ उडाली. एप्रिल २००४ मध्ये भारत सरकारने एचआयव्हीवरचे उपचार मोफत सुरू केले. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता, आणि दिल्या जाणाऱ्या औषधांत झिडोवुडिनही होतं.